जवारी

सोमवार, बुधवार, शनिवार.
सकाळी सातची पाळी मिळाली तर संध्याकाळ माझी.
अकराची मिळाली तर मी घरी येते ती
पिळून दोरीवर टाकलेल्या चादरीसारखी.

मुजावर मशीन लावतो.
"बाई, वजन किती वाढवून आलासा?"
अडीच किलो.
"जेवण हुतं व्हय कुठं?"
भाचीच्या डोहाळजेवणाचं मी सांगत नाही,
पांढऱ्या रश्शाच्या दोन वाट्यांचं तर नाहीच.

डाव्या हातात शीर नि धमनी
जोडून दिली आहे, सहा वर्षं झाली.
डॉक्टर म्हणाले होते, रोज रात्री मनगट कानाशी धरायचं,
आत गुणगुण ऐकू येईल.
थांबली, तर तशीच निघून या.
पहिलं वर्षभर मी घाबरत ऐकली.
मग एका रात्री झोप येईना म्हणून तंबोरा घेतला,
खर्जाची तार उतरवत उतरवत
त्या गुणगुणीपाशी नेली.
पांढरी दोनच्या जरा खाली,
कुठल्याही पेटीवर न सापडणारी जागा.
जवारी मात्र झकास.
मिरजेच्या कारागिरानं दोरा केसभर सरकवत
दुपारभर बसून काढावी, तशी.

दिवसाला एक लिटर.
त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचं पाणी आलं.
स्टीलच्या बाटलीबरोबर एक काचेची ठेवते,
तिच्यावर नेलपेंटच्या चार रेघा.
क्लासला पोरी येतात, एका तानेमागे दोन घोट पितात.
इंगवल्यांची मृदुला तर गटागटा.
मी तिच्या गळ्याकडे बघत राहते,
तिला वाटतं, बाई तान तपासतायत.

एका वर्षी पंचगंगा शुक्रवार पेठेत शिरली,
जिन्याच्या सहाव्या पायरीपर्यंत.
वर मी, तीन दिवस मशीनशिवाय,
पाय सुजून डग्ग्यासारखे.
खाली पाणी, कातडीच्या आत पाणी
आणि जीभ टाळूला चिकटलेली.
तालमीतली पोरं होडी घेऊन आली.
"फक्त फायली घ्या, बाई."
मी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बघितलं.
त्यातला एक म्हणाला,
"भोपळा हाय त्यो, बुडतोय कुठला. तुमी चला."

बाविसाव्या वर्षी मारवा शिकताना ओरडा खायचे.
सा दिसला की मी धावत जाऊन बसायची त्याच्यावर.
अण्णा तंबोरा खाली ठेवायचे.
"घर कुठं पळून जातंय काय तुझं?
रिषभावर थांब. धैवतावर थांब. तहान लागू दे."
मला तहान लागायची ती गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या
फेसाळ दुधाची, म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात.
शिकवणी सुटली की पळत.
आता दूध बंद. अण्णाही गेले.
आणि रिषभावर मला
हवं तितका वेळ थांबता येतं.

गेल्या रविवारी राजारामपुरीत गायले.
चाळीस खुर्च्या, त्यातल्या बारा रिकाम्या.
काळी चार सुटून कधीच गेली, पांढरी दोनही जड जाते,
दम मध्येच तुटतो, तिथं मी समेची वाट बघितल्यासारखं करते.
तबल्यावरच्या काटकरांना ते माहीत आहे,
ते ठेका थोडा भरून देतात, वर बघत नाहीत.
संयोजकांनी शेजारी तांब्याभर पाणी ठेवलेलं,
वर फुलपात्र, त्यात माझा चेहरा उलटा.
मारवा पाऊण तास चालला.
सा मी तीनदा लावला. बहुतेक तीनदा.
पाणी तसंच.

मागच्या रांगेत मुजावर बसला होता,
ड्युटीवरून तसाच, खिशाला ओळखपत्र.

सोमवारी सुई टोचताना म्हणाला,
"बाई, मागनं एक आवाज येत हुता सारखा,
आपल्या मशीनगत. त्यो काय हुता?"
तंबोरा.
"बंद न्हाई पडत त्यो?"
उतरतो मधेच. जुळवून घ्यावा लागतो.
"आन आलार्म?"
नाही रे, आलार्म नसतो.

"मग कसं कळतंय," असं पुटपुटत
त्यानं चिकटपट्टी दाबून बसवली
आणि काट्याकडे बघून म्हणाला,
"एक किलो आठशे. आज बरं हाय."